मोठा आवाज आणि जड आवाज

हेवी मेटलचा नवा अल्बम आला की परीक्षणांत एक विशेषण हमखास येतं: ‘दणदणीत’. माझं भांडण या विशेषणाशी आहे, कारण ते लिहून झालं की लिहिणाऱ्याला ऐकायचं काही उरत नाही. मी भिलाईत राहते आणि रॉकच्या अल्बमवर लिहिते. मोठा आवाज आणि जड आवाज यांतला फरक या गावात वेगळा शिकवावा लागत नाही. सेक्टरमधल्या घराची खिडकी रात्री उघडी असली तर स्टील प्लांटकडून येणारा आवाज मोठा नसतो. पंख्याच्या घरघरीतही तो हरवू शकतो. पण तो भिंतीतून, फरशीतून येतो आणि अंगात बसतो. वरातीतला डीजे त्याच्या कितीतरी पट मोठा असतो, आणि वरात कोपऱ्यावरून वळली की मागे काही राहत नाही.

१९५५च्या फेब्रुवारीत सोव्हिएत संघाशी पोलाद कारखान्याचा करार झाला, तेव्हा भिलाई ज्या मध्य प्रदेशात होती त्याची राजधानी नागपूर होती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली. विदर्भातून नोकरीसाठी आलेल्या मराठी घरांनी इथे नाट्यसंगीत आणि भावगीतं आणली. त्यांच्या मुलांनी पुढे कॅसेटवर ब्लॅक सॅबथ ऐकलं. मी त्या मुलांच्या पिढीतली. त्यामुळे मेटल हे परक्या मुलखातलं संगीत आहे असं मला कधी वाटलं नाही. ते दुसऱ्या एका कारखान्याच्या गावातून आलेलं आहे.

ते गाव म्हणजे बर्मिंगहॅम. सॅबथचा गिटारवादक टोनी आयोमी तिथे पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरी सोडायचा शेवटचा दिवस होता, वय सतरा, आणि यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात हाच. कारखान्यातल्या वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. आगीत दोन बोटं निकामी होऊनही गिटार वाजवणारा हा माणूस. मग आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, त्यावर चामडं चिकटवलं, आणि हलक्या, बारीक तारा शोधल्या. पुढे १९७१च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’मध्ये त्याने अनेक गाण्यांत गिटार तीन अर्धस्वरांनी खाली उतरवली. तारा सैल झाल्या, बोटांना सोपं झालं, आणि तो ओढल्यासारखा, तळातून येणारा नाद तयार झाला. जगभरच्या मेटल बँडनी पुढे गिटार खाली उतरवली ती या नादाच्या ओढीने.

सॅबथचा पहिला अल्बम फेब्रुवारी १९७०मध्ये आला. रेकॉर्डिंग जवळजवळ सगळं एका दिवसात उरकलेलं होतं. ‘रोलिंग स्टोन’मध्ये लेस्टर बँग्जने तो झिडकारला: क्रीम या बँडसारखं, पण त्याहून वाईट, असा त्याचा सूर होता. बँग्ज बहिरा नव्हता. पुढे दोनच वर्षांत त्याने सॅबथवर आपुलकीने लांबलचक लिहिलं. पहिल्या वेळी तो क्रीमची चपळाई शोधत होता आणि समोर चपळाई नव्हती. शीर्षकगीताची मूळ चाल पाहा: षड्ज, वरचा षड्ज, आणि तिथून खाली तीव्र मध्यमावर येऊन थरथरत थांबणं. युरोपी कानाला हे अंतर अशुभ वाटतं, आणि या गाण्यावर लिहिणारे आजही सैतानाचं नाव काढल्याशिवाय राहत नाहीत. आपल्या कानाला तीव्र मध्यम रोजचा आहे, यमनात तो संध्याकाळभर भेटतो. पण यमनात पंचम जवळ असतो, मध्यमाला टेकायला जागा असते. आयोमी ती जागा देत नाही. तो स्वर अधांतरी ठेवतो आणि लय इतकी संथ ठेवतो की पुढचा घाव कधी पडणार याची वाट पाहावी लागते. वजन या वाट पाहण्यात आहे. विलंबित ख्यालाची सवय असलेला श्रोता इथे बँग्जच्या पुढे असतो, असं माझं ठाम मत आहे. केशवराव भोळे, वामनराव देशपांडे, अशोक रानडे यांनी मराठीत गाणं ऐकण्याची जी सवय लावली, ती या संगीताला लागू पडते. आम्ही ती फारशी लावून पाहिली नाही, एवढंच.

भिलाईत राहून जुडास प्रीस्टच्या ‘ब्रिटिश स्टील’वर न लिहिणं अशक्य. एप्रिल १९८०मध्ये तो अल्बम आला. त्याच वर्षाच्या सुरुवातीला ब्रिटिश स्टील या सरकारी कंपनीचे कामगार तीन महिने संपावर होते. बँडचा गिटारवादक ग्लेन टिप्टन त्या कंपनीत काही वर्षं काम केलेला. रेकॉर्डिंग लंडनबाहेर टिटनहर्स्ट पार्कमध्ये झालं, जिथे आधी जॉन लेनन राहत असे आणि नंतर रिंगो स्टार. तयार आवाज यंत्रातून काढायची सोय तेव्हा फारशी नव्हती. ‘मेटल गॉड्स’मधली लोखंडी पावलं म्हणजे काट्याचमच्यांचा हलवलेला ट्रे आहे आणि ‘ब्रेकिंग द लॉ’मध्ये फुटणाऱ्या काचा दुधाच्या बाटल्यांच्या आहेत. सॅबथ जर खाणीतून निघालेलं खनिज असेल, तर हा अल्बम रोलिंग मिलमधून निघालेली सरळ कडेची पट्टी आहे. गाणी आखूड, मधली जागा मोकळी, ढोल आणि गिटार एकमेकांच्या अंगावर येत नाहीत. म्हणूनच इतक्या वर्षांनीही तो जुना वाटत नाही.

ही मोकळी जागाच पुढे विकली गेली. सीडीच्या काळात प्रत्येक कंपनीला आपली रेकॉर्ड शेजारच्यापेक्षा मोठी वाजायला हवी होती. कॉम्प्रेशनमध्ये गाण्याची उंच टोकं दाबली जातात आणि मग सगळं एकत्र वर उचललं जातं. हळू आणि जोरकस यांतलं अंतर घटतं. मेटॅलिकाचा २००८चा ‘डेथ मॅग्नेटिक’ हे याचं गाजलेलं उदाहरण. तीच गाणी ‘गिटार हीरो’ या खेळात कमी दाबलेली होती, लोकांनी दोन्ही लावून पाहिलं, आणि अल्बम पुन्हा मिक्स करा अशा मागणीवर हजारोंनी सह्या केल्या. एका चांगल्या अल्बमचं असं होणं मला अजून लागतं, कारण गाणी खरोखर चांगली आहेत. आता स्पॉटिफायसारखी सेवा सगळ्या गाण्यांची पातळी साधारण एकसारखी, मोजणीच्या भाषेत उणे १४ एलयूएफएसच्या आसपास, आणून ठेवते. दाबून दाबून मोठं केलेलं गाणं तिथे खाली ओढलं जातं, आणि चेपलेलं मात्र तसंच राहतं. म्हणजे ज्या फायद्यासाठी वजन गमावलं तो फायदाही गेला.

आमच्या गावात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, आणि ती कुठल्याच परीक्षणात येत नाही. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांच्या पाळीसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे. वर्षानुवर्षं गोंगाटात काम केलेल्या माणसाचं ऐकणं सगळीकडून सारखं कमी होत नाही. आधी चार हजार हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो. स, फ, त ही व्यंजनं, झांजेची कड, गिटारची धार हे सगळं त्या भागात राहतं. शेजारचे काका रेल मिलमधून निवृत्त झाले आहेत. त्यांना माझ्या स्पीकरवरचा बेस स्पष्ट कळतो, ढोलाचा धक्का कळतो, शब्द मात्र बोथट येतात. दाबलेल्या रेकॉर्डवर तर त्यांच्यापुरतं गाणं उरतच नाही, नुसती भिंत येते. ‘ब्रिटिश स्टील’ लावला तर ते ताल धरतात. पोलाद-कामगारांच्या गावातून आलेलं हे संगीत पोलाद-कामगाराच्या कानापर्यंत पोचतं की नाही, हे तपासणं मला समीक्षेचं काम वाटतं.

आणि वजन म्हणजे काय ते पाहायला बर्मिंगहॅमपर्यंत जायचीही गरज नाही. पंडवानी, म्हणजे महाभारताची कथा, गाणाऱ्या तीजनबाई भिलाईजवळच्या गनियारीच्या, आमच्या स्टील प्लांटच्या नोकरीत राहिलेल्या. २०१९मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. बसून गायची ती वेदमती शैली. उभं राहून, हावभावांसह सांगायची ती कापालिक. बायकांनी बसूनच गायचं अशी रीत असताना त्यांनी कापालिक घेतली. हातातला तंबुरा क्षणात भीमाची गदा होतो, क्षणात अर्जुनाचं धनुष्य. त्यांचा घोगरा, खालून उचललेला स्वर ऐकावा, पण त्याहून ऐकावं ते गदा पडण्याआधीचं थांबणं. साथीला बसलेला रागी हुंकार देतो, पेटी मागे सरते, आणि त्या पोकळीत त्या शब्द टाकतात. कुठल्याही मेटल गायकाने हे शिकावं. त्यांच्या ध्वनिमुद्रणांतला चढउतार सपाट केला तर पंडवानी संपेल.

आमच्या छत्तीसगढचं संगीत परीक्षणांतून कसं निसटतं, याचं एक उदाहरण. ‘दिल्ली-६’ (२००९) हा चित्रपट आला तेव्हा ‘ससुराल गेंदा फूल’वर भरपूर लिहून आलं. मी वाचलेल्या परीक्षणांत रेहमान होता, रेखा भारद्वाजचा आवाज होता. हे छत्तीसगढी लोकगीत आहे याचा उल्लेख शोधावा लागत होता. ताल बदलून गाणं नाचाच्या जागी नेलं ते उत्तम नेलं, यावर वाद नाही. पण कुठून उचलून कुठे नेलं हे माहीत नसेल तर नेण्याचं मोल कसं ठरवणार?

काय कुठून उचललं आणि त्याचं वजन राहिलं का, हेच मोजमाप मी दिल्लीच्या ब्लडीवुड या मेटल बँडला लावते. २०२२चा ‘रक्षक’ त्यांनी स्वतःच काढला होता. मार्च २०२५मध्ये ‘न्यू डेल्ही’ आला, आठ गाण्यांचा. हिंदी-पंजाबी गर्जना, इंग्रजी रॅप, ढोल, बासरी, आणि खाली उतरवलेली गिटार. ‘तडका’ हे खाण्यावरचं गाणं मला या अल्बममधलं सगळ्यात मोकळं वाटतं. त्यात मजा आहे आणि ढोलाला श्वास आहे. जपानच्या बेबीमेटलबरोबरचं ‘बेखौफ’ कुशल आहे, पण दोन्ही बँड एकाच वेळी पूर्ण जोरात असल्यामुळे कोणाचंच वजन पडत नाही. ढोलाची सगळी ताकद पहिल्या थापेत असते, चामड्यावर काठी आदळते त्या इवल्याशा क्षणात. नेमकं तेच टोक कॉम्प्रेशन आधी खातं. मग ढोल दिसतो, म्हणजे व्हिडिओत दिसतो, आणि कानाला गिटारमागची धूळ वाटतो. ‘रक्षक’ कमी सफाईदार होता, तरी ढोलाचा हक्क त्याने जास्त राखला होता. बँडकडे ताकद अफाट आहे, म्हणून हे लिहायचं.

तारे आणि गुण मी देत नाही. पिचफोर्क या संगीत-परीक्षणांच्या संकेतस्थळाने दशांशात गुण द्यायची पद्धत रूढ केली. २०००मध्ये रेडिओहेडच्या ‘किड ए’ला दहापैकी दहा मिळाले, २००४मध्ये ट्रॅव्हिस मॉरिसनच्या ‘ट्रॅव्हिस्टन’ला शून्य. शून्याने एका माणसाची कारकीर्द खिळखिळी केली. ढोल का हरवला, हे कुठल्याही आकड्यातून कळत नाही. २०२४मध्ये तर पिचफोर्क ‘जीक्यू’ मासिकाच्या छत्राखाली गेलं. आपल्याकडे अमित सहगल यांनी १९९३मध्ये ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ सुरू केलं ते अलाहाबादेतून, मुंबईतून नव्हे. लहान शहरातून देशभरच्या बँडचं ऐकून लिहिता येतं, याचा तो पुरावा माझ्यासाठी पुरेसा आहे.

दुर्ग-भिलाईच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतली मुलं अधूनमधून त्यांच्या गाण्यांच्या फाइल पाठवतात. बहुतेकांनी लॅपटॉपवर मिक्स केलेलं असतं आणि शेवटी सगळं वर ढकललेलं असतं. मी त्यांच्याकडे या शेवटच्या पायरीच्या, म्हणजे मास्टरिंगच्या, आधीची फाइल मागते. दोन्ही एकाच पातळीवर आणून त्यांच्यासमोर लावते, डोळे मिटायला सांगते, आणि जी जड वाटते ती निवडायला सांगते. मग ढोल किंवा इथला मांदर कुठे हरवला, कोणत्या मिनिटाला, कोणत्या गिटारखाली, हे वेळेसकट लिहून देते. त्यानंतर त्यांनी पाठवलेल्या दुसऱ्या फाइलवर परीक्षण.