तेवढं सांगा

भूकंपानंतर कितीतरी वर्षं, भेटेल ते मोठं माणूस मला एकच वाक्य म्हणायचं, “गणपतीनं वाचवलं तुला.” आत्या म्हणायची, मामा म्हणायचे, सोलापूरच्या वसतिगृहात भेटायला येणारे गावचे लोक म्हणायचे. म्हणताना त्यांचे डोळे भरून यायचे. त्यांच्या मायेबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. पण ते वाक्य कानावर पडलं की माझा घास घशातच राहायचा. मला वाचवणारा गणपती त्याच रात्री, हाकेच्या अंतरावर निजलेल्या माझ्या धाकट्या बहिणीला कसा विसरला, हे मला विचारायचं असायचं. विचारणार कुणाला?

आमचं गाव किल्लारीच्या पट्ट्यातलं, तेरणा नदीपासून फार लांब नसलेलं. सगळी घरं काळ्या दगडाची आणि मातीची. भिंती दोन-दोन हात रुंद, वर माळवद. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि फळ्यांवर मातीचा जाड थर. पावसाळा जवळ आला की गळती थांबवायला वर नवी माती थापायची. अशी आज्या-पणज्यांपासूनची माती आमच्या डोक्यावर साठत आलेली होती. उन्हाळ्यात आत इतका गारवा असायचा की पाहुणे घराचं नाव काढायचे.

भूकंपाच्या आदल्या वर्षी, म्हणजे 1992 साली, जमीन गुरगुरायला लागली होती. ऑक्टोबरात तर एक मोठा हादरा बसला आणि भिंतींना तडे गेले. लोक अंगणात, खळ्यात, शेतात झोपू लागले. थंडीत आम्ही पोरं गोधड्या घेऊन बाहेर पडायचो, आणि आम्हाला त्याची मौजच वाटायची. मग गावानं बसून ठरवलं आणि सप्ताह लावला. माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो, भजनात पखवाज वाजवायचे. त्या सात दिवसांत त्यांची बोटं सुजली होती. सप्ताह झाला, काल्याचं कीर्तन झालं, गावजेवण झालं, आणि पुढं हादरे खरोखरच कमी होत गेले. देवानं ऐकलं, असं सगळ्यांनी मानलं. मीही मानलं. आणि माणसं पुन्हा माळवदाखाली निजायला गेली.

त्या सप्ताहाला किंवा तो लावणाऱ्या भोळ्या माणसांना मी दोष देत नाही. घर असताना किती महिने उघड्यावर निजणार? पण माझ्या शंकेचं मूळ तिथं आहे. हाक ऐकली गेली, असं वाटलं म्हणूनच आम्ही निर्धास्त झालो होतो.

29 सप्टेंबर 1993, अनंत चतुर्दशी. रात्री उशिरापर्यंत मिरवणूक चालली, लेझीम झाली, विसर्जन झालं. बहीण पाच वर्षांची होती. गुलालानं माखलेली, आरती संपेपर्यंत कशीबशी जागी राहिली आणि आण्णांच्या खांद्यावर झोपून गेली. तिला तसंच घेऊन ते घरी गेले. मी मंडळाच्या पोरांबरोबर चावडीपुढच्या पारावरच कनात अंथरून आडवा झालो.

पहाटे 3 वाजून 56 मिनिटं, हे मला नंतर पेपरातून कळलं. मला आठवतो तो जमिनीच्या पोटातून आलेला आवाज, आणि मग पारावरून खाली फेकला गेलेला मी. उठून बघितलं तर समोर गाव नव्हतं. नुसती धूळ होती, आणि त्या धुळीतून कसलाही आवाज येत नव्हता. आरडाओरडा नंतर सुरू झाला.

मायला सकाळी काढलं. मधल्या खणातली एक तुळई भिंतीला तिरकी अडकली होती, तिच्याखाली ती जिवंत राहिली. आण्णा आणि धाकटी ढेलजेत होते. त्यांच्यापर्यंत पोचायला दुपार झाली. पहिल्यांदा उकरायला धावून आले ते गावाबाहेर कुडाच्या आणि पत्र्याच्या झोपड्यांत राहणारे लोक, कारण त्यांच्यातले बहुतेक वाचले होते. ज्यांना गावानं पिढ्यान्पिढ्या वेशीबाहेर ठेवलं, त्यांनी आमच्या वाड्यांचे दगड उचलले. पुढं पाऊस लागला. सरणाला लाकूड कुठून आणायचं? पडलेल्या घरांच्याच तुळया होत्या. आण्णांना आणि धाकटीला आमच्या घराच्या लाकडानं जाळलं. एवढंच सांगतो. त्याहून जास्त मला लिहिता येत नाही.

ढिगाऱ्यात आमचे देव सापडले. तुळजाभवानीचा आणि खंडोबाचा टाक, दोन्ही पितळी ताटलीत, एक ओरखडाही नसलेले. शोधून देणाऱ्याला वाटलं, मायला बरं वाटेल. तिनं ते हातात घेतले, बराच वेळ बघितले, म्हणाली, “हे बरे निगाले जागच्या जागी,” आणि लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून मदतीत आलेल्या पत्र्याच्या पेटीत तळाला टाकले. भूकंपापाठोपाठ पितृपक्ष आला. ज्यांना पानं वाढायची, ते गेल्याला पंधरवडाही झाला नव्हता. पितृपक्ष सरला, नवरात्र आलं. आमच्याकडं घट बसला नाही. बायका समजावायला आल्या, कोप होईल म्हणाल्या. माय म्हणाली, “आता अजून काय व्हायचं ऱ्हायलंय?”

मदतीला माणसं आली. लष्कराचे जवान आले, डॉक्टर आले, कुठल्या कुठल्या गावांहून भाकरी बांधून पोरं आली. त्यांच्या रूपानं देवच आला, असं पुष्कळ जण म्हणतात. मला हे कधीच पटलेलं नाही. चिखलात उभं राहून आमची प्रेतं उचलणाऱ्या त्या जवानांना उलट्या होत होत्या, तरी ते थांबले नाहीत. त्यांचं माणूसपण त्यांच्याकडंच राहू द्यावं. ते उचलून देवाच्या खात्यावर जमा केलं, तर भिंतीही त्याच खात्यावर मांडाव्या लागतील.

आणि मांडणारे होतेच. एकेक कारण यायला लागलं. गावात पाप वाढलं होतं. देवीचा नवस राहिला होता. विसर्जनात कुणीतरी दारू पिऊन नाचलं. झोपड्यांतले वाचले, म्हणजे गरिबावर देवाची कृपा, असंही कुणीतरी म्हणालं, आणि वरवर ते चांगलं वाटलं. पण झोपड्या वाचल्या त्या हलक्या होत्या म्हणून. अंगावर पडायला त्यांच्याकडं दगड नव्हते. हे मला वसतिगृहात आमच्या विज्ञानाच्या सरांनी समजावलं. दख्खनचं पठार म्हणजे अभंग खडक, इथं मोठा भूकंप होत नाही, असं तोवर मानलं जाई. भूकंपाची तीव्रता सहाच्या थोडी वर होती. तेवढ्या भूकंपात दुसरीकडं, जिथं घरं नीट बांधलेली असतात, तिथं मोजकी माणसं जातात. आमच्याकडं आठ ते दहा हजार गेली. केंद्र जमिनीत फार खोल नव्हतं, वेळ झोपेची होती, आणि डोक्यावर मातीचा डोंगर होता. सरांचं सांगणं ऐकून मला पहिल्यांदा जरा मोकळा श्वास घेता आला. धाकटीची काही चूक नव्हती, असं सांगणारं हे पहिलं स्पष्टीकरण होतं.

कॉलेजात असताना एक जुना वाद वाचनात आला. 1934च्या जानेवारीत बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. अस्पृश्यतेच्या पापाची ही शिक्षा आहे, असं गांधीजी जाहीरपणे म्हणाले. रवींद्रनाथ टागोरांना ते सहन झालं नाही. त्यांनी लेखी हरकत घेतली, आणि गांधीजींनी ती आपल्याच ‘हरिजन’मध्ये उत्तरासह छापली. मी गांधीजींना मानतो. टीका छापण्याचा त्यांचा मोठेपणाही मानतो. अस्पृश्यता हे पाप होतं, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही, आमच्याच गावानं ते केलेलं आहे. पण त्या दिवशी मी ग्रंथालयात बसून थरथरत होतो. बिहारमध्ये भिंतींखाली गेलेल्यांत अस्पृश्य मानलेली माणसंही असणारच. ती कुणाची शिक्षा भोगत होती? एवढ्या मोठ्या, दयाळू माणसालाही मेलेल्यांचा अर्थ लावल्याशिवाय राहवलं नाही, याचं मला फार वाईट वाटलं. तेव्हा मला माझं दुखणं नीट कळलं. देव गप्प राहिला, हे मी एक वेळ सोसू शकत होतो. त्याच्या वतीनं बोलणारे मला सोसत नव्हते.

दरम्यान नवं गाव वसलं. पूर्णपणे हलवलेल्या 52 गावांत आमचंही होतं. रुंद रस्ते, आखीव ओळी, सिमेंटची पक्की घरं. त्या घरांत बरीच वर्षं कुणी धड झोपत नव्हतं. पुढं पत्र्याचं शेड घालायचं, सामान घरात आणि माणसं शेडात. मायही शेडातच निजायची. नव्या मंदिरात पुन्हा सप्ताह सुरू झाला. माय कधी जायची नाही. एका वर्षी शेजारणीनं हाताला धरून नेलं, मी सुट्टीवर होतो म्हणून तिच्यामागं गेलो.

कीर्तनकार बाहेरगावचे, वयस्कर. आवाज गोड होता. बोलता बोलता ते भूकंपावर आले. संचित, प्रारब्ध, मागच्या जन्मीची कर्मं, जे पेरलं ते उगवलं. मंडपातली निम्मी माणसं घरचं कुणी ना कुणी गमावलेली. सगळे माना खाली घालून ऐकत होते. आणि बायका बसल्या होत्या त्या बाजूला माय उभी राहिली. कीर्तनात असं कुणी उठत नाही. मी तिला कधी चारचौघांत बोलताना बघितलेलं नव्हतं.

“महाराज,” ती म्हणाली, “माझी पोरगी पाच वर्साची व्हती. तिनं कुणाचं काय केलतं, तेवढं सांगा.”

टाळ थांबले. मला वाटलं, महाराज आता रागावतील, किंवा गजर सुरू करून वेळ मारून नेतील. ते तसेच उभे राहिले. त्यांच्या ओठांची हालचाल झाली पण शब्द आला नाही. मग त्यांनी मायला हात जोडले आणि म्हणाले, “मला न्हाई सांगता येत, माय.” पुढं त्यांनी तो विषय काढला नाही. नुसतं नाम घेतलं, तेही थोडा वेळ, आणि कीर्तन आटोपतं घेतलं.

पुष्कळ लोकांनी मायला नावं ठेवली. मला मात्र त्या म्हाताऱ्या माणसाबद्दल आजही आदर आहे. गादीवर उभं राहून, भरल्या मंडपात, आयुष्यभर सांगत आलेली गोष्ट त्यांनी एका बाईच्या प्रश्नापुढं खाली ठेवली. देवाच्या बाजूनं मला मिळालेलं ते एकच उत्तर, जे मला खोटं वाटलं नाही.

त्या वर्षी नवरात्रात मी घरी आलो तर कोपऱ्यात घट बसलेला. टाक पेटीतून बाहेर आलेले, चिंचेनं घासून लख्ख केलेले. मला राग आला. मी जरा चढ्या आवाजातच विचारलं, “आता कशाला?” माय माळ गुंफत होती. म्हणाली, “राग आला म्हनून बोलनं सोडलं व्हतं. पर बोलाया दुसरं हाय कोन मला?” मी म्हणालो, मी आहे की. ती म्हणाली, “तुला सांगितलं तर तू रडतोस.”

यावर मला काही बोलता आलं नाही. तिची श्रद्धा परत आली असं लोक म्हणतात. माझ्या मते परत आलं ते भांडण. ती रोज दिवा लावते आणि रोज काही ना काही ऐकवते. आमच्याकडं ही रीत जुनी आहे. नामदेव विठोबाशी भांडले, जनाबाईनं तर त्याला शिव्या घातल्या. तुकोबांची पहिली बायको आणि मूल दुष्काळात गेलं, त्यानंतर त्यांनी विठोबाला जे जे ऐकवलं, ते आज कुणी मंदिराबाहेर म्हटलं तर त्याला पाखंडी ठरवतील. त्या भांडणाला आपण भक्ती म्हणून डोक्यावर घेतलं, पण घरातली बाई तेच करायला लागली की तिला कोपाची भीती घालतो.

मी स्वतः मायच्या वाटेनं जाऊ शकलो नाही. मी पूजा करत नाही. वर्गात मुलांना भूकंप शिकवतो, फळ्यावर माळवदाचं चित्र काढून दाखवतो आणि भिंतीत दगडांची सांधेजोड कशी असावी हे सांगतो. घर बांधताना हे तपासून घ्या, असं दरवर्षी बजावतो. हे काम मी पूजेइतकंच मनापासून करतो. पण देव नाहीच, असंही मला छातीठोकपणे म्हणवत नाही. ज्याच्यावर इतकी वर्षं राग धरला, तो नाही असं म्हणायचं तर तो राग ठेवायचा कुठं?

2023च्या फेब्रुवारीत तुर्कस्तान आणि सीरियात भूकंप झाला. तोही पहाटे चारच्या सुमारास, सगळे झोपेत असताना. शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी म्हणालं, काहीतरी पाप असणार त्यांचं. मी मायचा प्रश्न जसाच्या तसा त्यांना विचारला. ते गप्प झाले, पण माझा दिवसभर जीव थाऱ्यावर नव्हता. संध्याकाळी गावाकडं फोन केला. मायनं टीव्हीवर बघितलं होतं. ढिगाऱ्यातून काढलेलं एक लेकरू तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. तिकडं काही पाठवता येतं का, पैसे कुणाकडं द्यायचे, तिकडं थंडी असेल तर गोधड्या चालतील का, असं सगळं तिनं विचारलं. मग दिवेलागण झाली म्हणून ती उठली, फोन तसाच चालू राहिला. काडी ओढल्याचा आवाज आला आणि मग तिचा, खणखणीत, भांडताना लागतो तसा: “पुन्यांदा तेच केलंस का? तवा सांगितलं न्हाईस, आता तरी सांग, लेकरांनी काय केलतं?”

मी फोन कानाला घट्ट धरून उभा होतो. उत्तर मलाही हवं होतं.