रिंगणाच्या कडेला

धानाची कापणी आटोपली, मळणी होऊन धान घरात आले, की चंद्रपूर आणि गडचिरोली या आमच्या झाडीच्या मुलखाला उत्सवाचे वेध लागतात. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, दंडार रंगते, पुढे शंकरपट होतात आणि होळीपर्यंत रात्री नाटकांनी जागतात. ख्रिस्ती कुटुंबे या भागात संख्येने थोडी. तरी तीही या गर्दीत असतात. आपल्या मुलांनी अशा ठिकाणी जावे की न जावे, हा प्रश्न मातापिता आम्हांस दरवर्षी विचारतात. होय किंवा नाही असे एका शब्दात उत्तर देणे सोपे आहे. परंतु हाच प्रश्न आपल्या पूर्वजांना अठराशे वर्षांपूर्वी रोमन साम्राज्यात पडला होता, आणि त्यांनी त्याचा केलेला विचार आजही आपल्या उपयोगी पडतो.

इ. स. ८० मध्ये सम्राट टायटसने रोममधील कलोसियम लोकांसाठी खुले केले, तेव्हा तेथील खेळ शंभर दिवस चालले होते. सुमारे पन्नास हजार प्रेक्षक बसू शकतील अशी ती वास्तू. प्रवेशाला मूल्य नसे. खर्च सम्राटाचा, आणि त्या बदल्यात त्याला हवा असे प्रजेचा जयजयकार. बसण्याची जागा मात्र प्रतिष्ठेप्रमाणे ठरलेली: पुढे राजसभेचे सदस्य, अगदी वर स्त्रिया आणि गोरगरीब. रिंगणात उतरणारे बहुधा गुलाम, युद्धकैदी किंवा मृत्युदंड झालेले. रथांच्या शर्यतींसाठी सर्कस मॅक्सिमस हे याहूनही विस्तीर्ण मैदान होते. तेथे लाल, पांढरा, हिरवा आणि निळा अशा चार रंगांचे संघ धावत आणि रोमकर आपापल्या रंगासाठी हमरीतुमरीवर येत.

इ. स. २०३ मध्ये आफ्रिकेतील कार्थेज येथे अशाच एका रिंगणात पर्पेतुआ आणि फेलिसिता या दोघी श्रद्धेसाठी मारल्या गेल्या. एक तान्ह्या बाळाची कुलीन माता, दुसरी नुकतीच बाळंत झालेली दासी. त्यांच्या हौतात्म्याच्या जुन्या वृत्तान्तात एक प्रसंग आहे. दोघींना विवस्त्र करून आत आणले, तेव्हा त्यांची अवस्था पाहून गर्दी शहारली. म्हणून त्यांना परत नेऊन वस्त्रे देण्यात आली. क्षणभर त्या हजारो लोकांना समोर दोन माता दिसल्या. मग खेळ पुढे चालू झाला.

त्याच शहरातील तर्तुलियन या लेखकाने त्या सुमारास खेळतमाशांवर स्वतंत्र ग्रंथ लिहून ख्रिस्ती लोकांना तेथे जाण्यास बंदीच सांगितली. संत ऑगस्टीन यांनी मात्र ‘कन्फेशन्स’ या आपल्या आत्मकथनात बंदीपेक्षा खोल जाणारी हकिकत नोंदविली आहे. त्यांचा मित्र अलिपियस याला सोबत्यांनी बळेच खेळ पाहावयास नेले. तो डोळे घट्ट मिटून बसला. एवढ्यात गर्दीचा प्रचंड गलका उठला, कुतूहलाने त्याने डोळे उघडले, आणि रक्त पाहताच त्याला त्याची धुंदी चढली. पुढे तो स्वतःच इतरांना तेथे घेऊन जाऊ लागला. हाच अलिपियस नंतर सावरला आणि धर्माध्यक्ष झाला. ऑगस्टीन यांना सुचवावयाचे आहे ते हे की रिंगणातील माणूस शरीराने घायाळ होतो, तर कडेला बसलेला अंतःकरणाने. आणि त्याला आपली जखम दिसतही नाही.

ही कसोटी हाती घेऊन आपल्या झाडीपट्टीकडे पाहू या. देसाईगंज, म्हणजे आपले वडसा, हे येथील नाट्यमंडळांचे केंद्र. गावातील तरुण मंडळ नाटक ठरवते, तिकिटे विकते आणि नफातोटा सोसते. रात्री दहाच्या सुमारास सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते. गर्दी खेचण्यासाठी काही नाटकांत नाचगाण्यांचा भरणा होतो, अशी तक्रार जाणते रसिकच करतात, आणि ती रास्त आहे. तरीही दारूने उद्ध्वस्त झालेले घर रंगमंचावर दिसले, की घोंगडी पांघरून बसलेल्या माउलीच्या डोळ्यांना पदर लागतो. परक्याचे दुःख येथे प्रेक्षकाला आपले वाटते. या रंगभूमीवर आयुष्य वेचणारे गडचिरोली जिल्ह्यातील परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा साऱ्या झाडीला आपलाच सन्मान झाल्यासारखे वाटले.

शंकरपटाची गोष्ट थोडी निराळी. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. २०१७ मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती केली. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने अटींसह परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरविली. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घेऊन, बैलांना इजा न करता पट भरविता येतो. ज्या शेतकऱ्याने जोडी लेकरासारखी जोपासली, तो तिला जपूनच हाकतो. पैजेच्या हव्यासाने पराणी टोचणारा मात्र बैल पाहत नाही, फक्त आकडा पाहतो. कोंबड बाजारात तर केवळ आकडाच उरतो. रानाच्या आडोशाला कोंबड्यांच्या पायांना काती म्हणतात ते धारदार पाते बांधून झुंज लावली जाते, आणि आठवड्याची मजुरी काही क्षणांत दुसऱ्याच्या खिशात जाते. घरी चूल थंड राहते, ती पाहावयास कोणी प्रेक्षक नसतो.

परंतु आमच्या मते आजचे सर्वांत मोठे रिंगण मैदानात नाही, ते आपल्या तळहातावर आहे. ताडोबाच्या या परिसरात उन्हाळ्यात पहाटे मोहफुले वेचावयास किंवा तेंदूपाने तोडावयास गेलेली माणसे वाघाच्या हल्ल्यात दगावतात. अशाच एका घरी आम्ही सांत्वनासाठी गेलो होतो. त्या घरची विधवा बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “फादर, त्यांच्या अंगावर कोणी कपडा टाकायच्या आधी लोकांनी मोबाईल काढले. आता ते चित्र माझ्या पोराच्या शाळेतही फिरते.”

आम्हांस कार्थेजची ती गर्दी आठवली. रक्ताला सरावलेले ते लोक. पण दोन स्त्रियांची विटंबना पाहून तेही शहारले, आणि त्यांच्यासाठी वस्त्रे आणली गेली. आमच्या गावच्या भल्या माणसांना तेवढेही सुचू नये! ही माणसे क्रूर खचित नव्हती. त्यांतील कित्येकांनी पुढे त्या घरी धान्य पोहोचविले. परंतु हातात पडदा आला की शेजारीही दृश्य होऊन जातो, आणि दृश्यावर कोणी चादर घालीत नाही.

इतिहासकार थिओडोरेट टेलेमाकस नावाच्या एका संन्याशाची हकिकत देतो. पाचव्या शतकाच्या आरंभी तो रोमच्या रिंगणात उतरून झुंजणाऱ्यांच्या मध्ये उभा राहिला. खवळलेल्या प्रेक्षकांनी त्याला दगडांनी ठेचून मारले, आणि त्यानंतर सम्राट होनोरियसने त्या झुंजी बंद केल्या. तरीही कलोसियममध्ये श्वापदांच्या शिकारीचे खेळ इ. स. ५२३ पर्यंत झाल्याची नोंद आहे. पाहण्याची चटक राजाज्ञेने एका दिवसात सुटत नाही. ती घरोघरी सोडवावी लागते.

म्हणून मातापित्यांना आमचे सांगणे असे. मुलांना नाटकाला अवश्य न्या, शक्य तर स्वतः सोबत बसा. पट पाहावयाचा तर बैलांच्या पाठीवरचे वळही त्यांना पाहावयास शिकवा. कोंबड बाजाराची वाट मात्र दाखवू नका. आणि एखाद्याच्या मरणाचे चित्र तुमच्या हाती आले, तर ते पुढे धाडू नका, पुसून टाका. त्या देहावर घालावयाची चादर एवढीच आता आपल्या हाती उरलेली असते.