राणूबाईंच्या उंबऱ्याशी

'जालना सोने का पालना' ही म्हण आजीच्या तोंडी सारखी असायची. जालन्यात जन्म गेला, पण जांबला जायचं तिचं राहूनच गेलं. तिच्या वर्षश्राद्धानंतर तिची जपमाळ खिशात टाकली आणि एसटीत बसलो.

अंबडला मत्स्योदरी देवीची टेकडी दिसली आणि हात आपोआप जोडले गेले. घनसावंगीच्या वाटेला कपाशी, मधूनच मोसंबीच्या बागा. शेजारच्या मावशींनी विचारलं, "रामाला चाललात का?" मी मान डोलावली. मनात मात्र राणूबाई होत्या.

जांब समर्थ हे समर्थ रामदासांचं गाव. १६०८ च्या रामनवमीला सूर्याजीपंत ठोसर आणि राणूबाईंच्या पोटी नारायण जन्मला. थोरला गंगाधर. नारायण सातेक वर्षांचा असताना सूर्याजीपंत गेले. पुढची कथा घरोघरी ठाऊक आहे: बाराव्या वर्षी बोहल्यावर 'सावधान' ऐकताच पोरगा पळाला. पण त्याआधी लग्नाला नको म्हणणाऱ्या नारायणाकडून आईनं वचन घेतलं होतं, अंतरपाट धरेपर्यंत उभा राहीन असं. त्यानं ते अक्षरशः पाळलं! आजी इथवर आली की हसायची आणि लगेच डोळ्यांना पदर लावायची.

नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षं तप, मग बारा वर्षं तीर्थाटन. जांबला परतायला १६४४ उजाडलं. समर्थचरित्रं सांगतात, की दारात गोसावी आलासं वाटून राणूबाईंनी सुनेला भिक्षा वाढायला सांगितलं. रडून रडून त्यांची दृष्टी गेली होती. आवाज ओळखीचा वाटला, तेव्हा हातांनी चाचपून त्यांनी लेक ओळखला. त्याच्या स्पर्शानं दृष्टी परत आली, अशी श्रद्धा आहे.

मोतीबिंदू पिकल्यावर आमची आजीही चपलांच्या आवाजावरून नातवंडं ओळखायची. जपाचा मणी न सोडता म्हणायची, "आधी पाय धू."

राणूबाईंच्या पदराशीही नातवंडं होती. गंगाधरपंतांची मुलं, रामजी आणि श्यामजी. लेक रानोमाळ फिरत असताना घरातला राम सांभाळला तो याच माणसांनी. समर्थ थोडे दिवस राहिले, आईला कपिलगीता सांगितली आणि पुन्हा निघाले. १६५५ मध्ये राणूबाई गेल्या.

मंदिरात राम, लक्ष्मण, सीतेच्या पंचधातूच्या मूर्तींपुढे बसलो. ऑगस्ट २०२२ मध्ये इथल्या मूर्ती चोरीला गेल्या होत्या. ऑक्टोबरात पोलिसांनी शोधून काढल्या. दोन महिने गावानं रिकाम्या देवघराकडे पाहत काढले. राणूबाईंनी चोवीस वर्षं काढली होती.

निघताना उंबऱ्याशी थांबलो. आत जाताना पाय धुवायचे राहिलेच होते. नळावर जाऊन धुतले आणि आजीची माळ घेऊन पुन्हा आत गेलो.