मुरूम लागायच्या आधी

ऑक्टोबरच्या उन्हात काळ्या गाडीवर तळहात टेकवत नाही. मॅडमची गाडी तशा उन्हात चार दिवस एका जागी उभी होती. अर्धी सोसायटीतल्या उंबराखाली, बॉनेटचा भाग बाहेर. उंबर फळला होता. रात्री वटवाघळं येऊन गेली, दिवसा साळुंक्या. मॅडम गावाहून परतल्या तेव्हा वॉचमनकाकांनी सगळं कोरड्या फडक्यानं पुसून ठेवलं होतं, मोठ्या प्रेमानं.

गाडी पोर्शे ७१८ केमन. माझ्या शेडमध्ये अशा गाड्या रोज येत नाहीत, त्यामुळे पोरं हातातली कामं टाकून गोळा झाली. मॅडमनी उतरल्या उतरल्या बॉनेटच्या डाव्या अंगाला बोट दाखवलं. तिथं रुपयाएवढा एक ठसा होता, कडेला जरा फुगलेला, मध्ये खरबरीत. भोवती बारीक ओरखड्यांचं जाळं. तो प्रेमाचा भाग.

"दादा, नीट धुतलं की जाईल ना?"

"धुतलेलंच आहे ते," मी म्हणालो. "हे रंगावर बसलेलं नाही. रंगच तिथं तसा झालाय."

पाखराच्या विष्ठेत आम्ल असतं आणि ते रंग खातं, हे सगळेच सांगतात. ते खोटं नाही, पण अर्धं आहे. गाडीच्या रंगावर क्लिअर कोट असतो, पारदर्शक थर. उन्हात तो किंचित मऊ पडतो, फुगतो. विष्ठा त्याच वेळी वाळून कडक होत असते. संध्याकाळी पत्रा थंडावला की क्लिअर आक्रसतो आणि त्या खडबडीत खपलीभोवती आवळून बसतो, ओल्या सिमेंटवर पानाचा ठसा उमटावा तसा. चार दिवस म्हणजे चार वेळा हे झालं. खपली निघाली, साचा राहिला.

आता या थराची जाडी किती? कंपनीतून आलेल्या गाडीवर पत्र्यापासून वरपर्यंत सगळे थर धरून साधारण १०० ते १५० मायक्रॉन. त्यात क्लिअर ४०-५०. आपला केस सरासरी ७० मायक्रॉनचा. म्हणजे ज्याच्यावर आमचा धंदा चालतो तो सगळा जिन्नस केसापेक्षाही बारीक. तो ठसा 'काढणं' हा शब्दच फसवा आहे. खड्डा काढता येत नाही. त्यात काही भरून ते तसंच राहील, असंही इथं नसतं. खड्ड्याच्या भोवतालचं रान खाली उतरवायचं, एवढंच हातात असतं.

माझे वडील पुरंदरात कोरडवाहू शेती करायचे. माझ्या लहानपणी त्यांनी वरच्या तुकड्याचं सपाटीकरण करून घेतलं. ट्रॅक्टरवाल्याला ते सारखे ओरडत होते, "बास, बास, मुरूम लागंल!" त्यानं हौसेनं आणखी एक फेरी मारली. शेत दिसायला पाटासारखं झालं, पण उंचवट्याच्या जागी काळी माती उरली नाही. पुढची कितीतरी वर्षं तिथली ज्वारी पिवळी पडायची. मुरूम दिसल्यावर थांबून उपयोग नसतो, हे मी या धंद्यात येण्याआधीच पाहिलं होतं. तरी शिकलो नव्हतो, ते पुढे सांगतो.

आधी मोजलं. जाडी मोजायचं गेज पत्र्यावर टेकवलं की आकडा येतो, पण केमनचं बॉनेट ॲल्युमिनियमचं, तिथं लोहचुंबक चिकटत नाही. फक्त लोखंडापुरतं बनवलेलं स्वस्त गेज अशा ठिकाणी मुकं होतं. माझं दोन्ही ओळखतं. ठशाभोवती १२२, ११९, १२३. पुढच्या कडेजवळ ९८. तिथं आधी कुणीतरी हात चालवलाय, मॅडम या गाडीच्या दुसऱ्या मालक आहेत, हे त्यांनी मग सांगितलं. आणि खरी गोम अशी, की हे गेज सगळ्या थरांची बेरीज सांगतं. त्यातला क्लिअर किती, हे सांगत नाही. तो हिशेब आपण अंदाजानं करायचा. गिऱ्हाइकासमोर आकडा दिसला की त्याला विज्ञान वाटतं, माझ्या मनात धाकधूकच असते.

नाना पेठेत ज्या उस्तादांच्या हाताखाली मी शिकलो, त्यांना ही चिंता नव्हती. त्यांची उमेदीची वर्षं पद्मिनी आणि ॲम्बेसेडरवर गेलेली. त्या गाड्यांना वेगळा क्लिअर नव्हता, रंग हाच वरचा थर. रबिंग मारलं की फडक्याला गाडीचा रंग लागायचा, लाल गाडीला लाल, काळ्याला काळा. उस्तादांना त्यावरून कळायचं की काम चाललंय. आता फडक्याला रंग लागला की समजायचं, काम संपलं आणि नुकसान सुरू झालं. उस्तादांनी हे कधी मनावर घेतलं नाही. मीही शिकाऊ असताना एका चंदेरी सेडानच्या बॉनेटच्या कडेवर रोटरी मशीन जरा जास्त टेकवलं. कडेवर क्लिअर मुळात पातळ असतो, हे मला ठाऊक होतं. ठाऊक असणं वेगळं. पॅडवर राखाडी पट्टा आला. पूर्ण बॉनेट पुन्हा रंगवावं लागलं, तीन महिने माझ्या पगारातून कापून घेतलं. त्या राखाडी पट्ट्याचं पॅड मी बरेच दिवस फेकलं नव्हतं.

मॅडमच्या गाडीला आधी ऊब दिली. केस वाळवायचा ड्रायर, हातभर अंतरावरून, मध्ये मध्ये उलटा हात लावून बघत. कधी कधी क्लिअर ऊब मिळाली की सैल पडतो आणि फुगलेली कड बसते. फुकटात जे मिळतं ते आधी घ्यावं. कड खरंच बरीच बसली. मग मऊ फोमचं पॅड आणि बारीक पॉलिश. ओरखड्यांचं जाळं त्यातच गेलं, ठशाला काही फरक नाही. मग कंपाऊंड, म्हणजे जाडं पॉलिश. ठसा थोडा उथळ वाटला, पण टॉर्च तिरकी धरली की तळ दिसत होता. तेव्हा कुठे पेपरला हात घातला.

वॉटर पेपर, ३००० नंबरचा, पाण्यात भिजवून ठेवलेला. पाण्यात शॅम्पूचे दोन थेंब. पेपरामागे बोटं नकोत, बोटांच्या रेघा पडतात. मागे मऊ फोमचा ठोकळा हवा. सरळ रेषेत, वजन न देता आठ-दहा हात मारायचे, पाणी ओढून घ्यायचं आणि बघायचं. पाणी दुधासारखं पांढुरकं येतं. काळ्या गाडीवरून पांढरं पाणी, हे बघायला मला अजून बरं वाटतं. ते काळं झालं तर मुरूम.

आणि मग या कामातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट दिसते. पेपर मारलेला भाग मंद होतो, चमक जाते. फक्त ठशाचा तळ पेपराच्या खाली राहिलेला असतो, म्हणून तो चमकत राहतो. हातभर निस्तेज काळ्यात एकच गोष्ट लखलखते, आणि तो दोष असतो. आठ हात मारले की तो तुकडा आक्रसतो. आणखी आठ, आणि तो मसुराएवढा. मग मोहरीएवढे दोन ठिपके. आमच्याकडे नवा आलेला मुलगा शेजारी उभा होता. म्हणाला, "दादा, अजून दहा हात, गेलंच बघा."

गेज लावलं. ११७.

पाच मायक्रॉन गेले होते. अजून कंपाऊंड आणि फिनिशिंग बाकी, त्यात एक-दोन जाणार. मी पेपर बादलीत टाकला. पोराचा चेहरा पडला. त्या वयात माझाही पडला असता. क्लिअरमध्येच उन्हाला तोंड देणारी द्रव्यं असतात, तो पातळ झाला की दोन-चार उन्हाळ्यांनी त्याच जागी पापुद्रे सुटायची भीती. आणखी एक कारण होतं, ते पोराला दिव्याखाली दाखवलं. कंपनीचा रंग अगदी सपाट नसतो, त्याला संत्र्याच्या सालीसारखा बारीक पोत असतो. एकच जागा घासत राहिलो तर तिथं आरसा होतो आणि बाकी बॉनेटवर साल. दोष गेला तरी जागा ओळखू येते. नाकावर जास्त पावडर लागावी तसं काहीतरी.

पुढचं काम मशीनचं, त्यात सांगण्यासारखं थोडं. कंपाऊंडनं पेपरच्या रेघा काढल्या, फिनिशिंगनं कंपाऊंडचा धुरकटपणा काढला. शेवटी अल्कोहोल-पाण्यानं पुसून पॉलिशमधलं तेल काढून टाकलं. हे न करता गाडी देणारे बरेच आहेत. तेल खड्ड्यात बसतं, गाडी काचेसारखी दिसते, दोन धुण्यांनंतर सगळं वर येतं आणि गिऱ्हाईक म्हणतं, पुन्हा डाग पडले. पुसल्यावरही मी गाडी रात्रभर ठेवून घेतो. घासून तापलेला, द्रव्यं प्यायलेला क्लिअर जरा फुगलेला असतो. सकाळी तो आपल्या मापात येतो आणि खरं बोलतो.

सकाळी ते दोन ठिपके होते. उन्हात दिसत नव्हते. ट्यूबलाइटखाली, एका विशिष्ट कोनातून, शोधले तर. मॅडमनी शोधले. जाहिरातींत '१०० टक्के' वाचून आलेल्या माणसाला हे पटवणं अवघड जातं, पण त्यांनी नुसतं विचारलं, "पूर्ण काढता आलं असतं?"

"आजच्यापुरतं, हो."

मग त्यांनी सेरॅमिक कोटिंगचं विचारलं, ९एचवालं. कोटिंग वाईट नाही, धुणं सोपं होतं. पण ते ९एच म्हणजे पेन्सिलीच्या कडकपणाची मोजणी, हिऱ्याची नव्हे, आणि उंबराखालच्या पाहुण्यांना ती वाचता येत नाही. कोटिंगवरही ठसे उमटतात. मी त्यांना कोटिंग विकलं नाही. शेडचं भाडं आठवून नंतर थोडं वाईटही वाटलं.

त्यांच्या गाडीच्या कागदांत एक चिठ्ठी ठेवली: बॉनेट, डावीकडे, ११६. इथे पुन्हा पेपर मारू नये. पुढच्या कारागिराला वाचायला मिळावी म्हणून. शिवाय पाण्याची एक बाटली आणि मायक्रोफायबरचं फडकं दिलं. पाखरानं घाण केली तर ओलं फडकं पाच मिनिटं ठेवायचं, भिजू द्यायचं, मग उचलायचं, घासायचं नाही. विष्ठेत बियाही असतात, वाळूही.

केमनचं इंजिन सीटच्या मागे, पुढच्या बॉनेटखाली सामानाची जागा. मॅडमनी बॉनेट उघडलं, बाटली आणि फडकं आत ठेवलं, आणि तळहातानं दाबून झाकण बंद केलं. काळ्यावर पाच बोटं उठली. त्यांनी सहज ओढणीचं टोक पुढे घेतलं.

"मॅडम," मी आणि तो नवा मुलगा एकदमच ओरडलो, "कोरडं नको!"