होसदु बेका, हळेदु बेका?

राणी चन्नम्मा एक्सप्रेसने बेळगाव सोडायचे आणि सकाळी बेंगळूरच्या संगोळ्ळी रायण्णा स्थानकावर उतरायचे, हा प्रवास आपल्या भागातल्या माणसाला परका वाटत नाही. गाडीला कित्तूरच्या राणीचे नाव, स्थानकाला तिच्या शिलेदाराचे; त्या रायण्णाला १८३१ मध्ये आपल्या नंदगडला फाशी दिले गेले. या सुट्टीत मुलीसोबत हा प्रवास केला. तिला बी.सी.ए.ला प्रवेश मिळाला होता आणि लॅपटॉप घ्यायचा होता. मावशीकडे जायचेच होते, तेव्हा एस. पी. रोडही बघून येऊ असे ठरले.

माझ्या मनात नवाच घ्यायचा होता. शाळेत असताना मी चुलतभावाची पुस्तके वापरली. पहिल्या पानावर त्याचे नाव असे, त्यावर रेघ मारून खाली माझे. आपल्या मुलांना तरी कोऱ्या वस्तू घेऊन द्यायच्या, हे तेव्हापासून मनात होते. मुलगी मात्र म्हणत होती, "बाबा, आधी बघूया तरी."

मॅजेस्टिकहून मेट्रोने के. आर. मार्केटला उतरलो. केंपेगौडाने १५३७ मध्ये वसवलेल्या पेठेचा हा भाग. ॲव्हेन्यू रोडवर जुन्या पुस्तकांचे ढीग, एम.ए.ला असताना मी तिथून पिशव्या भरभरून पुस्तके आणली आहेत. तिथून चालत गेले की एस. पी. रोड, म्हणजे सदर पत्रप्पा रोड. अरुंद रस्ता, हातगाड्या, वायरींची भेंडोळी, खोक्यांच्या थप्प्या, आणि जिन्याखालच्या कोपऱ्यातही दुकान. दारात उभे राहिलो की एकच प्रश्न, "होसदु बेका, हळेदु बेका?" नवा हवा की जुना?

नवा ५२ हजारांना, ८ जीबी रॅम, वर्षाची वॉरंटी. जुना २८ हजारांना, पण १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबीची एसएसडी. जुन्यात इतके कसे, असे विचारल्यावर दुकानदाराने सांगितले ते पटले. मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्यांसाठी लॅपटॉप भाड्याने किंवा करारावर घेतात आणि तीन-चार वर्षांनी सगळे एकदम बदलतात. तोच माल इथे येतो. कंपन्यांसाठी बनवलेले हे लॅपटॉप अंगाने मजबूत असतात, आणि त्यांचे सुटे भागही मिळतात.

पहिल्या दुकानात १५ हजारांचाही एक होता. मी हात पुढे केला, तर मुलीने कन्नडमध्ये विचारले, "प्रोसेसर कितव्या पिढीचा?" सहाव्या. तिने तो परत ठेवला. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. स्वस्त म्हणून घेतलेला तो लॅपटॉप पहिल्या दिवसापासूनच मागे पडला असता. त्या दुकानदाराने पक्के बिल द्यायलाही का-कू केली. आम्ही नमस्कार करून निघालो.

२८ हजारांवाल्याची तपासणी तिनेच केली. बिजागरी हलवून पाहिली, प्रत्येक कळ दाबली, पांढरा पडदा लावून डाग शोधले, चालू होताना जुन्या कंपनीचा पासवर्ड तर मागत नाही ना, हे पाहिले. मग 'पॉवरसीएफजी' ही आज्ञा देऊन बॅटरीचा अहवाल काढला. मूळ क्षमता ५७ हजार, आता ३८ हजार, म्हणजे दोन तृतीयांश उरलेली. तिने वहीत नव्या बॅटरीचे साडेतीन हजार मिळवले. साडेएकतीस हजार.

माझी शंका वेगळी होती. दुकानाची सहा महिन्यांची हमी, पण दुकान बेळगावपासून ५०० किलोमीटरवर. बिघडला तर एक रात्र जायला, एक रात्र यायला. ती म्हणाली, "हमी नाहीच असं धरून हिशोब करूया. उरलेल्या वीस हजारांत बेळगावातच दुरुस्ती होईल, आणि नाही बिघडला तर पुढच्या वर्षीच्या फीला." मग हळूच म्हणाली, "तुम्ही जुनी पुस्तकं आणलीत, तेव्हा कमीपणा वाटला का?"

उत्तर देता आले नाही. ॲव्हेन्यू रोडवर मी आनंदाने जुनी पुस्तके घेतली, कारण ती मी निवडली होती. चुलतभावाची माझ्या हाती आली होती. बोच बहुधा जुनेपणाची नसावी, निवड आपली नसण्याची असावी. आणि इथे तर नव्यासाठी अडून मी तिची निवड काढून घेत होतो.

ज्याला ॲनिमेशन किंवा जड ग्राफिक्सचे काम आहे, किंवा घरी येऊन दुरुस्ती करणारा माणूस हवा आहे, त्याने नवाच घ्यावा. आम्ही जुना घेतला, सीरियल नंबर घातलेले जीएसटीचे बिल घेऊन.

परतीच्या गाडीत मी लॅपटॉप उलटा करून पाहिला. खाली कुठल्याशा कंपनीचा क्रमांकाचा स्टिकर होता. मी नखाने खरवडू लागलो. "राहू दे बाबा," ती म्हणाली, आणि त्याच्या खाली पेनाने आपले नाव लिहिले. वरच्या क्रमांकावर रेघ मात्र मारली नाही.