जनरेटरला वारा जोडायचा तर

साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्या काळात खानदेशात भारनियमनाने जीव नकोसा केला होता. पवनचक्क्यांची वीज उच्चदाबाच्या वाहिनीवरून निघून जायची आणि पायथ्याच्या गावाचा फीडर बंद. जळगावकडे डाळ मिल, जिनिंग डिझेल जनरेटरवर चालायच्या. वारा इथला, जमीन इथली. मग एखाद-दुसरी पवनचक्की थेट त्या जनरेटरना जोडा, जितका वारा तितकं डिझेल वाचेल, असं मी तावातावाने मांडायचो. इथला वारा इथे वापरावा, हे मला आजही मनापासून वाटतं. बाकीचं मत मात्र बदललं.

बदललं ते इंजिनामुळे. डिझेल जनरेटर क्षमतेच्या साधारण ३० टक्क्यांखाली फार वेळ चालवू नये. सिलिंडर पुरेसा तापत नाही, इंधन अर्धवट जळतं, एक्झॉस्टमध्ये काजळी आणि तेलकट चिकटा साचतो. म्हणजे वारा कितीही सुटला तरी इंजिनाला त्याचा किमान लोड द्यावाच लागतो. बंद करावं, तर वारा पडताच अंधार. शिवाय ५० हर्ट्झची वारंवारता तेच सांभाळत असतं. राज्याच्या ग्रिडमध्ये असा चढउतार कोयना, दीपनगर आणि इतर केंद्रं मिळून पचवतात. छोट्या जाळ्यात तो सगळा एकट्या इंजिनावर येतो. साध्या इंडक्शन जनरेटरची पवनचक्की तर स्वतः ग्रिडच्याच आधारावर चालते. लाइन गेली की तीही थांबते.

टास्मानियाजवळच्या किंग बेटाने मला वाट दाखवली. सुमारे दीड हजार वस्तीच्या या बेटावर १९९८ पासून डिझेलच्या जोडीला पवनचक्क्या आहेत. पण डिझेल इंजिनं काही काळ पूर्ण बंद ठेवणं जमलं ते बऱ्याच नंतर, जास्तीची वीज जिरवणारा रेझिस्टर, फ्लायव्हील, बॅटरी आणि स्वयंचलित नियंत्रण आल्यावर. पैसा आणि डोकं लागलं ते पात्यांपेक्षा या जोडकामात.

आपल्याकडे आणखी एक पेच आहे. वारा जोरात असतो जून ते ऑगस्ट, नेमका शेतीपंपांना विश्रांती असताना. म्हणून वाऱ्याप्रमाणे मागेपुढे करता येईल असा लोड हवा: पाण्याच्या टाक्या भरणं, किंवा रावेर-सावद्याकडची केळीची शीतगृहं, जी एकदा थंड झाली की थोडा वेळ विजेविना तग धरतात.

आता कोणी जनरेटरशेजारी पवनचक्की उभारायचं म्हणालं, की मी वाऱ्याचा वेग नंतर विचारतो. आधी विचारतो, ऑगस्टमधल्या मध्यरात्री तुमचा लोड किती असतो?