खर्जाची तार

मोबाइलला तंबोरा ऐकू येत नाही, हे मला 2020 च्या टाळेबंदीत कळलं. बोलणाऱ्याचा आवाज स्वच्छ पोचावा म्हणून मागं एकसारखं चाललेलं काहीही, पंखा, मोटार, पाऊस, फोन आपणहून गाळून टाकतो. तंबोरा तर एकसारखाच वाजतो. फोनच्या हिशेबी तोही पंखाच. तार छेडली की पहिला टणत्कार पोचायचा आणि नाद उमलायला लागला की फोन तो गिळायचा. जवारीचं, म्हणजे तार घोडीवर टेकते तिथल्या घासकामाचं, सगळं मर्म त्या उमलण्यात. म्हणजे गिऱ्हाईक तिकडं तंबोरा वाजवतंय, आम्ही इकडं कान देऊन बसलोय, आणि मधला हा दलाल नेमका माल काढून घेतोय.

मिरजेतल्या आमच्या तंबोऱ्यांच्या दुकानाला कुलूप होतं. मैफली बंद, गाण्याचे वर्ग बंद, गाड्या बंद. मिरज जंक्शन इतकं गप्प मी कधी पाहिलं नव्हतं. अशात नवा तंबोरा कोण सांगणार? पण फोन वाजत राहिले. पुण्याहून, धारवाडहून, ठाण्याहून. घरी अडकलेल्या माणसांनी कपाटामागचे तंबोरे गवसणीतून काढले होते. कुणाच्या सासूबाईंचा, कुणाचा स्वतःचाच, लग्नाआधीचा. तक्रार बहुतेकांची एकच. 'वाजतो, पण बोलत नाही.'

आमच्यात जवारी हे भाईजानचं खातं. भोपळा निवडणं, त्यावर लाकडी तबली बसवणं, दांडी, नक्षी, पॉलिश हे माझं. वाटणी अब्बांनी केली होती आणि मी त्यात खूश होतो, कारण लोक फोटो नक्षीचा काढतात. मंगळवेढ्याकडचा मोठा, भरदार भोपळा, त्यावर माझी वेलबुट्टी. दुकानात आलेला माणूस आधी माझ्या कामापाशी थांबायचा. भाईजान कोपऱ्यात कानस घेऊन बसलेले. त्यांच्या कामाला रंगच नाही. टीव्हीवर मैफल लागली की मी गवयाकडं बघत नाही, मागचे तंबोरे बघतो आणि आपला ओळखू आला की घरादाराला हाका मारतो. भाईजान तेव्हा डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, "आपला आहे खरा. पण सूत सरकलंय." सूत म्हणजे तार आणि घोडी यांच्यामधला दोरा.

तर फोनवर काय करायचं? दोन-चार दिवस त्यांनी चिडचिड केली. मग एक युक्ती काढली. मी इतकी वर्षं त्यांच्याशेजारी बसलो, पण त्यांच्या हुशारीचा असा पुरावा आधी पाहिला नव्हता. ते म्हणायचे, "बाई, फक्त खर्ज छेडा. वाजू द्या. आता त्यात तुम्हाला जे ऐकू येतंय, ते गाऊन दाखवा." माणसाचा आवाज फोन गिळत नाही. पलीकडची बाई आधी लाजायची, मग गुणगुणायची. बहुतेक जण षड्जच गायचे. मग भाईजान सूत घोडीवर केसभर पुढं, केसभर मागं सरकवायला सांगायचे आणि पुन्हा गायला लावायचे. असं करता करता एखादीच्या गळ्यातून गंधार यायचा. भाईजान म्हणायचे, "बस्स. आता हात लावू नका."

धंद्यातल्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी एवढं लिहितो की खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या षड्जाच्या, तारेत गंधार कुणी लावलेला नसतो. जवारी जमली तर तो तारेतून आपोआप निघतो. गाणारे त्याला स्वयंभू म्हणतात. आमच्यासारख्याला तो स्वयंभू वगैरे वाटत नाही. त्यासाठी पाठ मोडलेली असते.

खर्ज हेच माझं दुखणं आहे. वरच्या तीन तारा पोलादी, बारीक, सरळ वागणाऱ्या. खर्ज पितळी, जाड, आणि तिचा झोल मोठा. चौघी एकाच घोडीवर टेकलेल्या. जोडीच्या, म्हणजे मधल्या दोन षड्जाच्या, तारांना गोडवा येईल असा उतार दिला की खर्ज घुमी होते. खर्ज मोकळी करायला तिच्याखाली कानस फिरवली की ती झणझणते, पत्र्यासारखी. कागद मारून ती शांत केली तर पुन्हा बंद. घासलेलं परत येत नाही, हा सगळ्यात मोठा वैताग. लाकडात चूक झाली तर तुकडा बसवता येतो, नक्षीत तर वेलीला आणखी एक पान फुटतं. घोडीवरून गेलेला भुगा गेला. त्यात मिरजेचा पाऊस. ऑगस्टच्या ओल्या हवेत जवारी सुरेख लागली म्हणून तंबोरा धाडावा, तर कोरड्या हवेच्या गावी पोचेपर्यंत तबली बसलेली आणि खर्ज मुकी. मर्दानी, म्हणजे पुरुषांच्या सुराचा, तंबोरा असेल तर विचारूच नका. त्याची खर्ज इतकी खाली की ती बोलतेय की नुसती हलतेय, हे ठरवायलाच अर्धी सकाळ जाते.

दुसऱ्या लाटेत, 2021 च्या मे महिन्यात, भाईजान गेले. मिरज हे दवाखान्यांचं गाव. सांगली, कोल्हापूर, विजापूर, कुठून कुठून माणसं इथं बरी व्हायला येतात. त्या महिन्यात रात्रभर सायरन चालायचे. आमच्या गल्लीतली आणखीही माणसं गेली. त्याबद्दल मला जास्त लिहायचं नाही.

फोन मात्र थांबले नाहीत, उलट वाढले. आता ते मी घ्यायचो. एक बाई धारवाडकडच्या. त्यांचे यजमान त्याच महिन्यात गेले होते; तंबोरा त्यांचाच, बाईंना गाणं येत नव्हतं. म्हणाल्या, "मला गायचं नाहीये. ते संध्याकाळी वाजवायचे तसा तो वाजला पाहिजे, एवढंच." आता हिला काय गाऊन दाखवा म्हणू? सूत सरकवायला सांगत राहिलो. शेवटी त्यांनी तंबोरा गाडीनं पाठवला. अब्बांच्या हातचा निघाला. घोडीवर तारांनी खोल रेघा पाडलेल्या, म्हणजे माणूस रोज वाजवणारा. भाईजानच्या कानशी घेऊन बसलो. किती दिवस लागले ते सांगत नाही. लागला तो तंबोरा, पण भाईजाननं लावला असता तसा नाही. बाईंनी मात्र फोनवर 'हाच, हाच' म्हटलं. त्या समाधानावर मी बरेच दिवस फुशारलो.

मग मला एक गोष्ट टोचू लागली. आम्ही सगळे स्वतःला मैफलीचे कारागीर समजत आलो. आमचे पूर्वज शिकलगार, तलवारींना पाणी देणारे. हत्यारांचे दिवस सरले आणि पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयानं हात वाद्यांकडं वळले. पुढं अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, ते स्वतः वाद्यं दुरुस्त करत, 1937 साली गेले आणि इथल्या दर्ग्यातच त्यांना दफन केलं. हा इतिहास मी प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवतो. यात सगळे गवई आणि राजे. पण त्या दोन वर्षांत आमची चूल पेटती ठेवली ती कधीच स्टेजवर न गेलेल्या माणसांनी. घोडी इतकी झिजवणारे असे किती जण घराघरांत आहेत, याचा आम्हाला पत्ताच नव्हता. माझी अख्खी नक्षी भलत्याच माणसाला दाखवायला कोरलेली, असं वाटून गेलं. कोरायची मात्र मी सोडलेली नाही.

झिजण्यावरून लोक फायबरच्या घोडीबद्दल विचारतात. ती सहजी झिजत नाही, हीच तिची खोड. पहिल्या दिवशी जशी बोलते तशीच बराच काळ बोलणार. इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यावर मी बोलणार नाही असं ठरवलं होतं, पण बोलतो: त्याचा गंधार नेमका असतो, आणि नेमका असल्यामुळं कुणी तो शोधायला कान टवकारत नाही. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. चांगलं झालं. सत्काराच्या फोटोत मी पुढच्या रांगेत घुसलो. पण जवारी लावणारे हात गल्लीत किती उरलेत, ते बोटांवर मोजून बघा.

त्यातले दोन हात आता भाईजानच्या मुलीचे आहेत. आमच्यात मुलींनी कानस धरायची रीत नव्हती. ही टाळेबंदीत बापाशेजारी फोन धरून बसायची. तिकडून बायका गायच्या त्या हिनं ऐकलेल्या. माझ्या लक्षात आलं नव्हतं की शिकवणी चालू आहे. सुरुवातीला मी म्हटलं, तू सूत कापून दे, घोडी मी बघतो. तिनं एका दुपारी मर्दानी तंबोऱ्याची खर्ज उघडली आणि मला हाक मारली. "चाचा, ऐका." मी ऐकलं. मग नाकावर बोट ठेवून म्हटलं, जरा झणझणते. झणझणत नव्हती.

2022 च्या डिसेंबरात पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव दोन वर्षांच्या खंडानंतर पुन्हा झाला. घरी पडद्यासमोर बसून मी सवयीनं मागचे तंबोरे बघत होतो. एक आमचा निघाला, मी हाका मारल्या. पोरगी स्वयंपाकघरातून न येताच म्हणाली, "जोड चढलीय."

आमचं हल्ली भांडण सुताचं. भाईजान साधं सुती वापरायचे, ती रेशमी घेते. माझ्या मते रेशमानं खर्ज फार लवकर उघडते आणि तितक्याच लवकर दमते. ती म्हणते, दमली तर परत आणतील, तेव्हा बघू. जवारीची मजुरीही तिनं मला न विचारता वाढवलीय. भाईजान गिऱ्हाईक देईल तेवढं घ्यायचे. वाढवलेल्या मजुरीला अजून कुणी कुरकुर केलेली नाही, आणि नक्षीचा माझा दर मात्र आहे तिथंच आहे.